छोटी लाईन : गोदावरी खोऱ्याच्या रेल्वेची जालना जिल्ह्यातील सव्वाशे वर्षे

पाठशाळेचा किंवा पतपेढीचा इतिहास लिहावयास बसणाऱ्याला तिची वास्तू, तिची दप्तरे आणि संस्थापकांच्या तसबिरी यांचा तरी आधार असतो. परंतु जिचे रूळ उपटून भंगारात गेले, जिची इंजिने वितळली, जिची कंपनी लंडनमध्ये जन्मून हैदराबादच्या सरकारात विलीन झाली आणि जिच्याच भरावावरून आज तिच्याहून अधिक रुंदीचा दुसराच लोहमार्ग गेलेला आहे, अशा रेल्वेचा वृत्तांत लिहिणाराची अवस्था काहीशी विलक्षण होते. मनमाडहून निघून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, नांदेड, निजामाबाद या मार्गाने हैदराबादेस पोहोचणारी ३९१ मैलांची ‘हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वे’ १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने वाहतुकीस खुली झाली, आणि तिला यंदाच्या सुमारास सव्वाशे वर्षे पुरी होत आहेत म्हणून ही स्मरणिका. पण ज्या मीटर गेजचा हा महोत्सव, त्याचे उच्चाटन व्हावे म्हणून याच मुलखातील दोन पिढ्यांनी अर्ज केले, ठराव केले, मोर्चे काढले, ही गोष्ट महोत्सवाच्या उत्साहात विसरली जाऊ नये, असे प्रस्तुत लेखकास आरंभीच नमूद करावेसे वाटते.

काटेकोर अर्थाने पाहू गेल्यास ही ‘लाइट रेल्वे’ नव्हे. तो मान आपल्या शेजारच्या बार्शीच्या रेल्वेचा. अडीच फुटी रुळांची ती रेल्वे १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डूवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली, पुढे एकीकडे पंढरपुराहून मिरजेपर्यंत व दुसरीकडे निजामाच्या मुलखात शिरून १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. आमची रेल्वे तिच्याहून रुंद आणि लांब. परंतु मुंबई–कलकत्त्याच्या राजमार्गी रेल्वेच्या तुलनेने तीही काटकसरीचेच अपत्य होती, आणि लोकांनी तिला ‘छोटी लाईन’ हेच नाव दिले, ते शंभर वर्षे टिकले.

रेल्वे येण्यापूर्वी जालना हे आडवळणाचे खेडे होते असे कोणी समजू नये. कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवर जालना आणि कादराबाद अशी जोडवस्ती, भोवती कापसाची काळी जमीन, आणि शहरालगत हैदराबाद कंटिंजंटची छावणी. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण ज्या व्यापारी ऐश्वर्याने जन्मली, ते ऐश्वर्य इंजिनाच्या धुरापेक्षा जुने आहे. परंतु ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची मुख्य वाट खानदेशातून गेल्यामुळे मराठवाड्याचा हा सधन टापू बाजूला पडला. औरंगाबादेस येणारा साहेब किंवा वेरूळच्या लेण्यांचा प्रवासी नांदगाव स्टेशनावर उतरून टांग्याने वा दमणीने पुढची मजल मारी, आणि जालन्याचा कापूस बैलगाड्यांच्या तांड्यांनी घाटवाटा उतरून रेल्वे गाठी. पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात गाडीची चाके आसापर्यंत रुतत, तेव्हा चार महिने व्यापार जवळजवळ निजून असे. ज्या पिकाचा भाव मुंबईच्या आणि लिव्हरपूलच्या बाजारात ठरतो, त्याच्या मालकास हा विलंब किती महाग पडत असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

निजामाच्या इलाख्यात लोहमार्ग प्रथम आला तो वाडी ते सिकंदराबाद असा, १८७४ मध्ये, आणि तो रुंद मापाचा होता. त्याचे पुढील विस्तारकार्य लंडनमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीकडे सोपविण्याचा करार १८८३ साली झाला, आणि ‘निजामाज गॅरंटीड स्टेट रेल्वे’ या नावातील ‘गॅरंटीड’ शब्दाची कहाणी तेथून सुरू होते. भागधारकांच्या भांडवलावर वीस वर्षे पाच टक्के व्याज मिळेल, अशी हमी निजामाच्या खजिन्याने दिली. म्हणजे गाडी नफ्यात चालो वा तोट्यात, लंडनमधील भागधारक निर्धास्त, आणि जोखीम मात्र दख्खनच्या रयतेच्या महसुलावर. या कराराच्या वाटाघाटी गुप्तपणे चालल्या, तेव्हा हैदराबादेत अघोरनाथ चट्टोपाध्याय आणि मुल्ला अब्दुल कय्यूम यांनी त्याविरुद्ध लोकमत उभे करण्याचा यत्न केला. रेल्वेच्या कराराची माहिती प्रजेस मिळाली पाहिजे, एवढीच त्यांची मागणी होती, आणि तिचे पारितोषिक म्हणून अघोरनाथांना राज्यातून हद्दपारीचा हुकूम मिळाला. हे अघोरनाथ म्हणजे सरोजिनी नायडूंचे वडील. हैदराबाद राज्यातील आधुनिक सार्वजनिक चळवळीचा आरंभ रेल्वेच्या करारनाम्यापासून झाला, ही गोष्ट रेल्वेच्या गौरवग्रंथांत सहसा आढळत नाही. ती येथे येऊ द्यावी.

गोदावरी खोऱ्याची वाट मात्र रुंद मापाची न होता मीटर मापाची झाली, आणि आमच्या जिल्ह्याचे शतकभराचे भाग्य त्या एका निर्णयाने बांधले गेले. मुख्य मार्गांचे साडेपाच फुटी रूळ फार खर्चिक ठरतात, असे पाहून लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत, १८७० च्या सुमारास, दुय्यम मार्गांसाठी अरुंद माप पसंत करण्यात आले, आणि हिंदुस्थानात लवकरच मेट्रिक पद्धती येणार या अपेक्षेने ते माप नेमके एक मीटर ठरविण्यात आले. १८७१ चा वजनमापांचा कायदा कागदावरच राहिला. मेट्रिक पद्धती आली ती स्वातंत्र्यानंतर, १९५६ च्या कायद्याने. तोवर मैल, कोस, शेर आणि मण यांनी व्यवहार करणाऱ्या, मीटर म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या आमच्या मुलखात मीटरची एकच वस्तू होती आणि ती म्हणजे दोन रुळांमधले अंतर. प्रशासनाच्या इतिहासात अशा गमती दुर्मिळ नाहीत. अरुंद माप घेतल्याने पूल हलके झाले, वळणे तीव्र घेता आली, भराव व खोदकाम कमी लागले, आणि जेथे रुंद मार्ग कदाचित कधीच झाला नसता तेथे निदान काही तरी झाले. हा युक्तिवाद खोटा नव्हता. त्याचे उरलेले मोल मात्र मनमाडच्या फलाटावर, आणि तेही शंभर वर्षे हप्त्याहप्त्याने, चुकते करावे लागले.

मार्गाचे काम चालू असतानाच छप्पन्नचा दुष्काळ आला. १८९९–१९०० चा हा दुष्काळ मराठवाड्याच्या स्मरणात खोल रुतलेला आहे. गुरे मेली, गावे ओस पडली, आणि औरंगाबाद जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या खानेसुमारीत घटलेली दिसली. नव्या रेल्वेने धान्य आणले हे खरे, आणि ज्या वर्षी पाऊस फिरला त्या वर्षी तिने धान्य बाहेरही नेले, हेही तितकेच खरे. रेल्वे ही वाट आहे, आणि वाटेवरून काय यावे व काय जावे हे वाट ठरवीत नाही. पुढे १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेला तांबडा मिलो याच लहान वाघिणींतून गावोगाव पोहोचला, तेव्हा त्याची भाकरी खाताना लोकांनी नाके मुरडली, पण चुली पेटल्या.

आजच्या जालना जिल्ह्याच्या हद्दीत या मार्गाची बदनापूर, दिनेगाव, जालना, सारवाडी, कोडी, रांजणी, पारडगाव, परतूर, उस्मानपूर, सातोना अशी स्थानके येतात. अर्थात तेव्हा हा जिल्हाच नव्हता. जालना हे औरंगाबाद जिल्ह्याचे तालुक्याचे ठाणे, परतूर परभणीकडचे, आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा या स्थानकांच्या ओळीला प्रथमच एक छत्र मिळाले. दुधनेच्या खोऱ्यातून जाणारा हा सपाट, सोशिक टापू. अनकाई–टंकाईच्या डोंगराजवळची किंवा दौलताबादच्या परिसरातील नाट्यमयता त्याच्या वाट्यास आलेली नाही. म्हणूनच रेल्वेचे नैसर्गिक काव्य लिहू पाहणाऱ्यांनी जालना जिल्हा नेहमी वगळला. पण वाहतुकीचे खरे काम अशाच टापूत होते. स्टेशनाभोवती सरकी काढणाऱ्या जिनिंगांच्या आणि गाठी बांधणाऱ्या प्रेसांच्या चिमण्या उभ्या राहिल्या, जुन्या पेठेपासून स्टेशनापर्यंत नवा बाजार पसरला, आणि १९०३ मध्ये छावणीतले सैन्य हलविले गेले तरी जालना मोडले नाही, याचे श्रेय ज्या दोनतीन गोष्टींना द्यावे लागेल, त्यात ही वाट अग्रभागी आहे.

प्रवाशाच्या दृष्टीने ही गाडी निराळ्या राज्यात नेणारी होती. या बाजूस इंग्रजी कलदार रुपया, त्या बाजूस हाली सिक्का. या बाजूस मुंबई इलाख्याचा अंमल, त्या बाजूस निजामशाहीची जकात, जिला ‘करोडगिरी’ हे भारदस्त नाव होते, आणि तिचे शिपाई मालावर शेकडा पाच या दराची आकारणी करीत पेट्यापेटारे उघडीत. फलाटावरच्या पाट्यांवर इंग्रजीबरोबर उर्दू, आणि पाट्या वाचता न येणाऱ्या मराठी बायाबापड्यांना शेजारच्याला विचारण्याखेरीज गत्यंतर नाही, अशी स्थिती पुष्कळ वर्षे होती. मार्ग एकेरी, समोरून येणारी गाडी जवळच्या स्थानकात शिरेपर्यंत थांबायचे, मास्तरने दिलेले टोकन ड्रायव्हरने ताब्यात घ्यायचे, मगच पुढच्या स्थानकाकडे निघायचे. या थांबण्यातच छोट्या लाईनीचा स्वभाव घडला. रांजणीसारख्या स्थानकावर क्रॉसिंगसाठी उभी राहिलेली पॅसेंजर ही काही काळ त्या गावची चावडी होई. कोणाचे लग्न ठरले, कोणाची विहीर लागली, कापसाला काय भाव, हे सगळे डब्याच्या खिडकीतून ठरे. उगाच सुस्कारे टाकण्याचे कारण नाही. याच थांबण्याने बाळंतीण अडली आणि औषध उशिरा पोहोचले, असेही प्रसंग त्या काळच्या घरोघरी झालेले आहेत.

आता मनमाडकडे वळावे. दोन मापांचे रूळ जेथे भेटतात तेथे मालास उतरावे लागते. मुंबईच्या रुंद मापाच्या वाघिणी एका बाजूस आणि आमच्या मीटर मापाच्या वाघिणी दुसऱ्या बाजूस, आणि मधल्या फलाटावरून हमालांच्या पाठींवरून कापसाच्या गाठी, सिमेंटची पोती, खताच्या गोणी, केरोसीनचे डबे, लोखंडाच्या सळया इकडून तिकडे. कापसाची एक गाठ सुमारे ३९२ पौंडांची. ती हलवावयास माणसे लागत, हूक लागत, आणि हूक लागले की गोणपाट फाटे. पोते फुटे, साखर सांडे, पाऊस असला तर भिजे, आणि रात्र असली तर थोडे कमीही होई. शिवाय एका रुंद वाघिणीतला माल एका अरुंद वाघिणीत मावत नसल्याने, आणि मीटर मापाच्या वाघिणी हव्या तेव्हा हजर नसल्याने, मुंबईहून आठवड्यात येणारा माल मनमाडला दोनदोन आठवडे पडून राही. दर क्विंटलमागे हा जो अधिक खर्च येई तो व्यापारी आपल्या खिशातून देत नसे. खरेदी करताना तो शेतकऱ्याच्या भावातून कापला जाई आणि विकताना गिऱ्हाइकाच्या किमतीत चढविला जाई. म्हणजे जालन्याच्या शेतकऱ्याने मीटर गेजचा खर्च दोनदा दिला, एकदा कापूस विकताना आणि पुन्हा खत घेताना. मराठवाड्याच्या औद्योगिक मागासलेपणाची कारणे शोधणाऱ्या अहवालांनी पुष्कळ पाने खर्ची घातली. परंतु ती कारणे पाहावयाची तर मनमाडच्या त्या फलाटावर एक रात्र काढणे पुरेसे होते, असे लेखकाचे मत आहे.

प्रवाशांचाही माल असाच उतरे. लेकराला कडेवर, वळकटी डोक्यावर आणि ट्रंक हमालाच्या माथी देऊन मुंबईच्या गाडीत जागा मिळविणे हा एक स्वतंत्र पराक्रम होता. १९७५ मध्ये मनमाड–मुंबई पंचवटी एक्स्प्रेस सुरू झाली तेव्हा मनमाडच्या पुढची सोय झाली. मागची तशीच राहिली.

राजवटी बदलत गेल्या त्यांचा आढावा थोडक्यात घेता येईल. १ एप्रिल १९३० पासून निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे आपल्या ताब्यात घेतली आणि ‘निजाम स्टेट रेल्वे’ असे तिचे रूप झाले. त्या नव्या व्यवस्थेने एक दूरदर्शी काम केले: जून १९३२ मध्ये रेल्वेच्याच रोड ट्रान्स्पोर्ट विभागामार्फत २७ मोटारगाड्यांनिशी प्रवासी बससेवा सुरू केली, म्हणजे सरकारी एस.टी.चे बीज या प्रदेशात रेल्वेच्या दप्तरात पेरले गेले. यंत्रे व रस्ते यांत स्पर्धा लावण्याऐवजी त्यांना एकाच हाताखाली ठेवण्याची ही कल्पना तेव्हाच्या हिंदुस्थानात अपूर्व होती, आणि ज्यांना निजामाच्या राजवटीत एकही चांगली गोष्ट दिसत नाही त्यांनी तिची नोंद करावी. ज्यांना वाईट दिसत नाही त्यांच्यासाठी अघोरनाथांची हद्दपारी वर नमूद केलेली आहेच. १९४८ च्या सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १५ तारखेस भारतीय फौजा जालन्यात आल्या, आणि मराठवाडा मुक्त झाला. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी ही रेल्वे मध्य रेल्वेत विलीन झाली, २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे स्थापन होऊन तिच्याकडे गेली, आणि १ एप्रिल २००३ पासून नांदेड हा स्वतंत्र विभाग झाला, ज्यात जालना येते. राज्य बदलले, भाषावार प्रांत झाले, पण वरिष्ठ कचेरी सिकंदराबादेतच राहिली. जालन्याच्या प्रवाशाने गाऱ्हाणे करावयाचे ते आजही तिकडेच, आणि नांदेड विभाग मध्य रेल्वेस जोडावा ही मागणी अद्याप जुनी झालेली नाही.

रुंदीकरणाची चळवळ हे या इतिहासाचे सर्वांत तेजस्वी प्रकरण मानावे लागेल, कारण रेल्वेच्या इतिहासात प्रजा बहुधा प्रवासी म्हणून येते, कर्ती म्हणून क्वचितच. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने मनमाड–औरंगाबाद–मुदखेड मार्गाचे रुंदीकरण हा विभागाच्या विकासाचा पहिला प्रश्न म्हणून सातत्याने मांडला. मुक्तिसंग्रामात ज्यांनी तुरुंग भोगले त्यांनीच पुढे रूळ रुंद व्हावेत म्हणून निवेदने लिहिली, ही संगती लक्षात घेण्याजोगी आहे. दिल्लीचे उत्तर ठराविक असे: वाहतूक पुरेशी नाही. आणि वाहतूक पुरेशी का नाही, तर मार्ग अरुंद आहे म्हणून. या चक्रातून सुटका होऊन १९९० च्या दशकात मनमाडकडून रुंद रूळ येत गेले, आणि जालन्याचा प्रवासी प्रथमच मनमाडला गाडी न बदलता मुंबईस पोहोचला. तपोवन, देवगिरी ही नावे घरगुती झाली. अमृतसरहून निघालेली सचखंड एक्स्प्रेस वाटेतल्या स्थानकांवर लंगरचा प्रसाद घेत थेट नांदेडास जाऊ लागली. लोखंडाचे कारखाने, बियाण्यांचे उद्योग, मोसंबीच्या बागा, आणि आता दिनेगाव–दरेगावचा ड्राय पोर्ट, ही जालन्याची आजची ओळख मीटर गेजवर उभी राहिली असती की नाही, याबद्दल मतभेद होऊ शकेल. लेखकास तरी राहिली नसती असेच वाटते. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालना–मुंबई वंदे भारत सुरू झाली, पुढे ती नांदेडपर्यंत नेण्यात आली, आणि ज्यांनी पंचवटी गाठण्यासाठी मनमाडला अर्धी रात्र काढली ते ज्येष्ठ प्रवासी तिच्या काचेतून ते स्टेशन पाहतात.

बार्शीच्या वाटेनेही असेच वळण घेतले, आणि त्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअराने, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये अशा हिशेबाने आखलेली ती लाइट रेल्वे एवढी नमुनेदार ठरली की त्यानेच पुढे इंग्लंडातील स्टॅफर्डशायरमध्ये लीक व मॅनिफोल्ड खोऱ्याची अडीच फुटी रेल्वे १९०४ मध्ये उभी करताना तेच शहाणपण वापरले. तेथील इंजिनांवर हिंदुस्थानी थाटाचे भले मोठे दिवे होते. (याच गृहस्थाने नंतर विमानातून उडी मारण्याची हवाई छत्री घडविण्यात आयुष्याचा उत्तरार्ध घालविला.) मॅनिफोल्डची गाडी १९३४ मध्ये बंद पडून तिच्या वाटेवर आज लोक फिरायला जातात. बार्शीचे रूळ मात्र रुंद झाले, आणि एप्रिल २०१६ मध्ये तहानलेल्या लातुरासाठी मिरजेहून जी पाण्याची गाडी निघाली, पहिल्या खेपेस दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन, ती याच मिरज–कुर्डूवाडी–लातूर मार्गाने आली. अडीच फुटी रुळांवरून ते पाणी आले नसते. वारसाप्रेमी मंडळींनी हा प्रसंग ध्यानी ठेवावा.

आता महोत्सवाचा प्रश्न. ब्रिटनमध्ये १९५१ साली वेल्समधील टॅलिलिन ही १८६० च्या दशकातील पाटीच्या दगडाची लहान रेल्वे बंद पडावयाची वेळ आली, तेव्हा स्वयंसेवकांनी ती चालवावयास घेतली, आणि जगातील ती पहिली स्वयंसेवकांची जतनरेल्वे ठरली. त्यानंतर तेथे अनेक खोऱ्यांनी आपली जुनी गाडी रंगवून, वाफ करून, पताका लावून काढण्याचा परिपाठ पाडला. आपल्याकडे नेरळ–माथेरानची दोन फुटी गाडी, जी आदमजी पीरभॉय कुटुंबाने १९०७ मध्ये उभी केली, ती २००५ च्या अतिवृष्टीत वाहून गेलेल्या रुळांवरून पुन्हा उभी राहून २००७ मध्ये शताब्दीस पोहोचली. परंतु जालन्यास असे करता येत नाही, कारण या मार्गावर मीटर मापाचे रूळच शिल्लक नाहीत. पूर्णेहून हिंगोली, अकोला, खांडवा, महू असा जो मीटर मापाचा सलग धागा होता, ज्यावरून एके काळी सिकंदराबादेहून निघालेली गाडी राजस्थानात जाई, त्यातला पूर्णा–अकोला भाग २००८ मध्ये रुंद झाला, आणि त्या साऱ्या जाळ्यातून आज केवळ महूजवळ पातालपाणी ते कालाकुंड एवढ्या घाटात एक वारसागाडी चालते. मध्य प्रदेशातील तो घाट हा आमच्या छोट्या लाईनीचा अखेरचा जिवंत नातेवाईक होय. ज्यांना मीटर गेजचा अनुभव घ्यावयाचा आहे त्यांनी तेथे जावे, आणि जालन्याच्या यार्डात रंगवलेला डबा उभा करून त्यास वारसागाडी म्हणू नये.

राहिली ती नमुन्यांची वाट, आणि ती वाट लेखकास अधिक प्रामाणिक वाटते. येथे मापाचा एक प्रश्न उद्भवतो आणि तो नमुना करणाऱ्यांनी आधी सोडवावा. बाजारात मिळणारे खेळण्यातील रूळ बहुधा १६.५ मिलिमीटरचे असतात. १:८७ या प्रमाणात ते विलायती साडेचौदाशे मिलिमीटरी, किंवा नेमके सांगावयाचे तर १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे माप आहे, म्हणजे जालन्याच्या जुन्या मार्गाचेही नव्हे आणि नव्याचेही नव्हे. त्याच प्रमाणात मीटर मापास १२ मिलिमीटरचे रूळ लागतात, आणि आजच्या १६७६ मिलिमीटरी मार्गास १९ मिलिमीटरहून थोडे अधिक. मोठा नमुना करावयाचा असल्यास बागेत मांडण्याजोगे ४५ मिलिमीटरचे रूळ १:२२.५ या प्रमाणात मीटर मापाशी जवळजवळ तंतोतंत जुळतात. हे गणित सोडून केलेला नमुना दिसावयास सुंदर होईल, पण तो स्वित्झर्लंडचा होईल. इंजिन वायपी करावे की वायजी, हाही प्रश्न आहे; स्वातंत्र्योत्तर काळात जमशेदपूरच्या टेल्कोने व चित्तरंजनने घडविलेल्या या दोन जातींपैकी वायपी सवारीगाडीचे, तिची चालती चाके साडेचार फुटी, आणि वायजी मालगाडीचे, तिची चाके चार फुटी. प्रत्येक उत्साही माणूस वायपीच करतो, कारण ती देखणी. जालन्याचा इतिहास वायजीने ओढला आहे.

आणि नमुन्यात केवळ इंजिन, डबे आणि फलाट नसावेत. मनमाडचा तो मधला फलाट असावा, ज्याच्या दोन बाजूंस दोन मापांच्या वाघिणी एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. त्यावर गाठीखाली वाकलेले हमाल असावेत. करोडगिरीचा शिपाई असावा. गँगमनची खोली आणि तिच्याबाहेर पाण्याचा माठ असावा. रुळांची रुंदी पट्टीने मोजता येते, पण दोन वाघिणींमधला फलाट किती उंच होता, गाठ उचलताना हूक कुठे लावीत, फायरमन कोळसा कोणत्या बाजूने घाली, हे ठाऊक असणारी निवृत्त माणसे पूर्णा, परभणी, जालना येथे अजून आहेत आणि ती दर वर्षी कमी होत आहेत. त्यांच्या तोंडून हे लिहून घेण्याचे काम महोत्सवाच्या मांडवापेक्षा तातडीचे आहे, आणि ते मांडवाइतके खर्चाचे नाही.

जालन्यास सव्वाशे वर्षांत दुसरी वाट कधी फुटली नाही. गाडी एकीकडून आली आणि दुसरीकडे गेली, जंक्शनाचा मान पूर्णेस, परभणीस मिळाला. खामगावकडे जाणाऱ्या मार्गाची मागणी शतकभराची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जालना–जळगाव या १७४ किलोमीटरच्या, ७,१०६ कोटी रुपयांच्या नव्या मार्गास मंजुरी दिली. राजूर, भोकरदन, सिल्लोड या वाटेने तो अजिंठ्याच्या लेण्यांजवळून जाणार आहे. छोट्या लाईनीवर मनमाड–काचीगुडा धावणाऱ्या गाडीचे नाव ‘अजिंठा एक्स्प्रेस’ होते, आणि त्या नावाची गाडी आजही जालन्यावरून जाते. मात्र तिच्यात बसून अजिंठ्यास कोणी कधी पोहोचले नाही. नवा मार्ग पुरा झाला म्हणजे ते शक्य होईल, परंतु त्या गाडीस निराळे नाव शोधावे लागेल.